नऊ नंबरचा भिडू

नागपूर,
१२ फेब्रुवारी २०२२

चि. सोनू यास,
अनेक आशीर्वाद.

परवा रात्री दीड वाजून गेल्यावर तुझे एकामागून एक सात मेसेज आले. उशाशी फोन थरथरत राहिला, तुझे बाबा दचकून उठले आणि म्हणाले, "बघ गं, तिकडे काही झालं की काय." चष्मा शोधून वाचते तर काय, तुझ्या लाडक्या बास्केटबॉल संघानं, बोस्टन सेल्टिक्सनं, सॅन अँटोनियोच्या संघाशी खेळाडूंची अदलाबदल केली होती आणि तू लिहिलं होतंस, सॅन अँटोनियोनं आपल्याला लुटलं! पंधरा दिवसांपूर्वी बोस्टनमध्ये दोन फूट बर्फ पडला तेव्हा तुझा 'ठीक आहे' एवढाच निरोप आला होता. असो. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून कागद घेऊन बसले आहे.

तुझी तक्रार मला कळली. जॉश रिचर्डसन दिला, जो यंदा तीन गुणांचे, म्हणजे लांबून टाकायचे, बरे टाकत होता. रोमियो लँगफर्ड दिला. यंदाच्या ड्राफ्टमधली, म्हणजे नवे खेळाडू निवडायच्या वाटपातली, पहिल्या फेरीची निवड दिली, वर २०२८ साली ती निवड आपल्याशी बदलून घ्यायचा हक्कही दिला. आणि एवढ्याच्या बदल्यात आला कोण, तर सुरुवातीच्या पाचात न बसणारा एक गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेणारा गडी, डेरिक व्हाइट, ज्याचे यंदा तीन गुणांचे शंभरातले जेमतेम एकतीस आत जातात. वर त्याचा करार चार वर्षांचा, सात कोटी डॉलरचा. हिशोब म्हणून तुझं चुकत नाही. २०२८ मात्र तू आत्तापासून मनाला लावून घेऊ नकोस. तोवर तुझं लग्न झालं तरी मला पुष्कळ.

पण सोनू, 'बेंचवरचा गार्ड' हे तू ज्या सुरात लिहिलंस ना, तो सूर मला टोचला. कारण ती मी आहे.

तुला हे सगळं कधी सांगितलं नाही. आजोबा पोस्टात होते आणि १९८६च्या जूनमध्ये त्यांची अकोल्याहून नागपूरला बदली झाली. तुम्ही ज्याला ट्रेड म्हणता ती दुसरं काय असते? बदलीच की. कुणी विचारत नाही, कागद येतो आणि ट्रंका बांधायच्या. अकोल्याला मी कॉलेजची पहिली गार्ड होते. इथे आले तर संघ जमलेला, कप्तानच गार्ड, आणि मी बेंचवर. पहिल्या दिवशी कोर्टच्या कडेला बूट बांधत होते तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "ही अकोल्याची पोरगी काहून आली मधातच?" मी लेस दोनदा सोडून पुन्हा बांधली, कारण मान वर करायची नव्हती.

सहा सामने मी बसून काढले. बसून करणार काय? बघत राहिले. आमची सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारी, उंच होती, पण छातीशी चेंडू दिला की तिच्या हातून हमखास सुटायचा. डोक्यावर, उजव्या हाताला दिला की झालाच बास्केट. डावीकडची फॉरवर्ड स्क्रीनमागून, म्हणजे वाट अडवून उभ्या राहिलेल्या आपल्याच भिडूमागून, बाहेर यायच्या आधी एकदा खाली बघायची. हे कप्तानाला माहीत नव्हतं, कारण ती सगळा वेळ खेळत होती. सातव्या सामन्यात तिचा चौथा फाउल झाला आणि सर माझ्याकडे वळले. "जा, चार मिनिटं सांभाळ. जास्त काही करू नकोस." तीन गुणांनी पुढे असताना मी आत गेले आणि पाच गुणांनी पुढे असताना बाहेर आले. स्कोअरशीटवर माझ्या नावापुढे भोपळा. त्या दिवसानंतर मात्र सेंटर सरावाला माझ्या बाजूला उभी राहू लागली.

आता तुझ्या बोस्टनकडे येते. या संघाचं दुखणं काय होतं, ते तूच मला दिवाळीत सांगितलं होतंस. चेंडू संघातल्या दोन मोठ्या खेळाडूंच्या, टेटमच्या नाहीतर ब्राउनच्या, हातात गेला की बाकीचे तिघे बसस्टॉपवर उभे असल्यासारखे उभे. नोव्हेंबरच्या पहिल्याच दिवशी शिकागोकडून हरल्यावर आपला गार्ड मार्कस स्मार्ट हे चारचौघांत बोलून बसला आणि केवढा गदारोळ झाला. मग ६ जानेवारीला न्यूयॉर्कमध्ये २५ गुणांची आघाडी घालवून शेवटच्या फेकीवर हरले. तेव्हा १८ विजय आणि २१ पराभव होते. त्या सकाळी मी टीव्ही बंद करून तासभर आधीच कणीक मळायला घेतली होती.

पण जानेवारी सरता सरता गाडी रुळावर आली. मंगळवारी ब्रुकलिनला १२६-९१ असं धुतलं, तो ओळीनं सहावा विजय. म्हणजे व्हाइट येण्याआधीच संघ जुळला होता. तू म्हणतोस, मग छेडायचं कशाला? मला तर हाच ट्रेडचा खरा अर्थ वाटतो. बुडत्या संघात येणाऱ्याला तारणहार व्हावं लागतं. जुळत्या संघात येणाऱ्याचं काम वेगळं: पहिले पाच दमून बसले की त्यांनी घातलेली घडी विस्कटू द्यायची नाही. तेवढ्या बारा-पंधरा मिनिटांतच सामने हातचे जातात.

बचावाचंच बघ. प्रशिक्षक उडोकानं यंदा सगळ्यांना स्विच करायला लावलंय. स्क्रीन लागली की माणूस बदलायचा, मागे पळत सुटायचं नाही. स्मार्ट, ब्राउन, टेटम, हॉरफर्ड हे सगळे एकमेकांची माणसं झेलू शकतात, आणि रॉबर्ट विल्यम्स मागे राहून येईल तो चेंडू उडवून लावतो. ही भिंत उभी आहे तोवर ठीक. पण स्मार्ट बसला आणि राखीव गार्ड श्रूडर आला की तिच्यात फट पडायची. श्रूडर गुणी आहे, एकट्यानं वीस गुण काढेल, पण चणीनं लहान. समोरचा संघ बरोबर त्यालाच शोधून मोठा गडी त्याच्यावर सोडायचा. शिवाय चेंडू त्याच्याकडे गेला की माघारी यायला वेळ लागायचा. त्यालाही त्याच दिवशी ह्यूस्टनला धाडलं, ते मला जास्त बोलकं वाटलं. व्हाइट सहा फूट चार इंच. स्मार्टच्या जागी तो उभा राहिला तर स्विच तसाच चालू राहतो, भिंतीतली वीट काढून दुसरी बसवावी तसा. गार्ड असून तो मागून झेपावत फेकी अडवतो. चार्ज घेण्यातही तरबेज आहे. धावत येणाऱ्या माणसापुढे पाय रोवून उभं राहायचं आणि त्याला छातीवर घ्यायचं, हे काम करायला कुणी हौसेनं पुढे होत नाही. माझ्या उजव्या कोपराची खूण त्यातलीच आहे. तुला मी ती सायकलवरून पडल्याची म्हणून सांगत आले.

आणि चेंडू हातात असतानाचं म्हणशील, तर सॅन अँटोनियोची एक शिस्त आहे. तिथल्या प्रशिक्षकाचा, पॉपोविचचा, अर्ध्या सेकंदाचा नियम: चेंडू आला की अर्ध्या सेकंदात टाकायचा, द्यायचा नाहीतर घेऊन घुसायचं, पण धरून उभं राहायचं नाही. आज सकाळी सहाला तू घेऊन दिलेला लीग पास, म्हणजे सामने बघायची वर्गणी, लावला आणि डेन्व्हरविरुद्ध मी फक्त नऊ नंबरकडे, म्हणजे व्हाइटकडे, बघत बसले. चहा निवला. तुमच्याकडच्या गुरुवारी दुपारी ट्रेड, शुक्रवारी संध्याकाळी कोर्टवर, मधे धड सराव नाही. आणि बेंचवरून येऊन १५ गुण. तुझे बाबा फिरून आले ते गुणांवरच खूश झाले. मी दुसरंच मोजत होते, त्याच्या हातात चेंडू किती वेळ थांबतो ते. फार नाही थांबला.

राखीव गार्ड म्हटलं की लोकांना आठवतो तो डेट्रॉइटचा विनी जॉन्सन. तोही ट्रेडनंच, १९८१ साली सिएटलहून आलेला. आला की लगेच तापायचा, म्हणून 'मायक्रोवेव्ह'. हे नाव ठेवलं ते तुमच्याच बोस्टनच्या डॅनी एंजनं, १९८५च्या प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत, त्याचे चटके बसल्यावर. १९९०च्या अंतिम फेरीत पोर्टलंडविरुद्ध शून्य पूर्णांक सात सेकंद राहिले असताना त्यानंच फेक टाकली आणि डेट्रॉइटला सलग दुसरं विजेतेपद मिळालं. तुझ्या मनात बेंचवरचा माणूस म्हणजे तो. व्हाइट तसा नाही, आणि त्याच्याकडून तसली अपेक्षा ठेवलीस तर मार्चपर्यंत तू त्याला शिव्या देत असशील. त्याची जात मंद आचेवरच्या भांड्याची. झाकण सारखं उचलून बघायचं नसतं.

तो नवा आहे म्हणतोस, तर तितका नवाही नाही. २०१९ला चीनमध्ये वर्ल्ड कप झाला तेव्हा अमेरिकेच्या संघात टेटम, ब्राउन आणि स्मार्ट तिघेही होते, आणि व्हाइटही. सातवे आले, त्यामुळे कुणी ते दिवस आठवत नाही. पण हरणाऱ्या संघात एकत्र जेवलेली माणसं एकमेकांना चांगली ओळखतात. खुद्द उडोका सॅन अँटोनियोत सहायक प्रशिक्षक होता आणि व्हाइटची पहिली दोन वर्षं त्याच्या डोळ्यांसमोर गेली. संघात कोण घ्यायचं ते ठरवणाऱ्या ब्रॅड स्टीव्हन्सनं माणूस बाजारातून नाही उचलला, ओळखीतून आणलाय. स्थळ बघावं तसा.

मला त्याच्याबद्दल माया वाटते ती त्याच्या आधीच्या कथेमुळे. कोलोराडोचा पोरगा, शाळा संपली तेव्हा पहिल्या दर्जाच्या एकाही कॉलेजनं त्याला बोलावलं नाही. दुसऱ्या दर्जाच्या कॉलेजात खेळला, तिथे उंची वाढली. मग बोल्डरच्या मोठ्या विद्यापीठात गेला, तर नियमानं एक वर्ष नुसता सराव, सामना नाही. वर्षभर बसून बघितलंय त्यानं. तेव्हा कुठे २०१७च्या ड्राफ्टमध्ये एकोणतिसाव्या क्रमांकावर नाव आलं, आणि त्यानंतरही पहिल्या वर्षी बराच काळ ऑस्टिनच्या छोट्या संघात. सॅन अँटोनियोत इतक्यात पहिल्या पाचात खेळत होता. आता पुन्हा बेंच. त्याचं तोंड पडलेलं दिसतंय का, तेही मी बघत होते. तसं काही दिसलं नाही, पण माणसं कॅमेऱ्यासमोर लेस बांधतात.

तुझं एक म्हणणं मात्र मी खोडून काढू शकत नाही. शंभरातले एकतीस. टेटमवर दोघे धावून गेले की व्हाइट मोकळा सुटणार, आणि एप्रिल-मेमध्ये प्लेऑफला समोरचे त्याला मुद्दाम मोकळा सोडतील: टाक बाबा, आम्ही बघतो. तिथे चार चुकल्या की अर्ध्या सेकंदाचा नियम अंगाशी येतो, कारण माणूस टाकायचं सोडून नुसताच पास देऊ लागतो. माझंही अकोल्यात असंच झालं होतं, पण ती गोष्ट फोनवर. रिचर्डसन गेला, श्रूडर गेला, माणसं कमी झाली, तर आपला तो छोटा गार्ड प्रिचर्डही आता जास्त वेळ खेळेल. मला तो आवडतो. बूट पायापेक्षा मोठे घातल्यासारखा पळतो.

रविवारी अटलांटाशी सामना आहे. तुला सुट्टी असेल, तर चेंडू दुसऱ्याच्या हातात असताना नऊ नंबरचे पाय बघ. उभा आहे की सरकतोय, एवढंच मला कळव. गुण मी इथे वाचीन.

संत्रा बर्फीचं पार्सल सोमवारी टाकते. मागच्या वेळी खोलीतल्या त्या पंजाबी मुलानं अर्धी संपवली म्हणून दोन डबे करते आहे. एक त्याच्या नावाचा, वर चिठ्ठी लावली आहे. बर्फातले बूट घेतलेस का? बाबा विचारत आहेत, म्हणजे मीच विचारते आहे.

तुझी,
आई