टोपॉलॉजी कपापाशी थांबू नये

महोदय,

पुरवणीत टोपॉलॉजी या गणिताच्या शाखेवर लेख आला की तो बहुधा ‘कान असलेला कप आणि मेदूवडा एकच’ एवढे सांगून संपतो. वाचक थक्क होतो, पण काहीही वाकवून काहीही करता येते, असा त्याचा समज होतो. खरे काम याच्या उलट आहे. आकृती ताणली, वाकवली (फाडायची नाही, नवे चिकटवायचे नाही) तरी न बदलणारी संख्या शोधायची. दोन आकृत्यांची ती संख्या वेगळी निघाली, की एकीपासून दुसरी होणे अशक्य, हे सिद्धच झाले. लेखकांनी ही बाजू उदाहरण सोडवून दाखवावी, ही कळकळीची विनंती. उदाहरण आपल्या मुंबई लोकलच्या नकाशातच आहे.

ठाणे, कुर्ला, सानपाडा, जुईनगर, तुर्भे ही ५ स्थानके घ्या. जोडण्या ६: ठाणे-कुर्ला, कुर्ला-सानपाडा, सानपाडा-जुईनगर, सानपाडा-तुर्भे, जुईनगर-तुर्भे, तुर्भे-ठाणे. जोडण्यांतून स्थानके वजा करून १ मिळवा: ६ − ५ + १ = २. हे फेऱ्यांचे, म्हणजे निघालो तिथेच परत आणणाऱ्या बंद वाटांचे, माप. कुर्ला-सानपाडा यांच्या मध्ये वाशी धरले तर स्थानके ६, जोडण्या ७, उत्तर २च. जानेवारी २०२४ मध्ये ठाणे-तुर्भे जोडणीवर, ठाणे-ऐरोलीदरम्यान, दिघा गाव स्थानक सुरू झाले. ते धरले तरी २च. डब्यातल्या नकाशात अंतरे प्रमाणात नसतात, त्यानेही फरक पडत नाही.

इथे विद्यार्थी हमखास अडतात, कारण फेरे तीन दिसतात. एक सानपाडा-जुईनगर-तुर्भे हा त्रिकोण, दुसरा ठाणे-कुर्ला-सानपाडा-तुर्भे-ठाणे, आणि तिसरा तोच, पण सानपाड्याहून जुईनगरमार्गे तुर्भ्याला जाणारा. मात्र दुसऱ्या फेऱ्यात सानपाडा ते तुर्भे असे जा आणि त्रिकोण तुर्भे ते सानपाडा असा सुरू करा. दोन्हींची बेरीज करताना तो तुकडा उलटसुलट येऊन कटतो आणि उरतो तो तिसरा फेरा. म्हणून स्वतंत्र फेरे दोनच. यालाच (इटालियन गणिती बेटी यांच्या नावावरून) पहिला बेटी अंक म्हणतात. फ्रेंच गणिती प्वाँकारे यांनी १८९५ साली अशाच हिशेबातून या शाखेचा पाया घातला.

सूत्रातला १ मात्र डोळे मिटून लावू नये. ठाणे-कुर्ला आणि ठाणे-तुर्भे या दोन्ही जोडण्या काढल्या तर ४ − ५ + १ = ० येते, पण त्रिकोण तर शाबूत असतो. तो १ म्हणजे नकाशाच्या सुट्या तुकड्यांची संख्या. ठाणे एकटे पडल्यावर तुकडे २ होतात, म्हणून ४ − ५ + २ = १.

— गणिताचे दोन शिक्षक, कोपरखैरणे, नवी मुंबई