निधी जनतेचा, मग न्यूजरूम एकच का?

मा. श्रीमती जोसेफीन टिओ,
डिजिटल विकास आणि माहिती मंत्री, सिंगापूर

सविनय नमस्कार.

आम्ही महाराष्ट्रातून येऊन सिंगापूरला स्थायिक झालेली माणसं. एका पेपरातली बातमी खटकली की दुसरा पेपर उघडून बघायचा, ही आमची जुनी सवय. इथे ती सुटली, कारण उघडायला दुसरा पेपरच नाही. ‘स्ट्रेट्स टाइम्स’, ‘लिआनहे झाओबाओ’, ‘बेरिता हारियान’, ‘तमिळ मुरासू’: भाषा चार, मालक एकच, एसपीएच मीडिया ट्रस्ट.

२०२२ मध्ये आपल्या सरकारने एसपीएच मीडिया ट्रस्टला पाच वर्षं, दरवर्षी १८ कोटी सिंगापूर डॉलरपर्यंत मदत जाहीर केली. या मदतीला माझा विरोध नाही. ‘तमिळ मुरासू’ १९३५ पासून निघतो. एवढ्या लहान वाचकवर्गाचा पेपर नुसत्या जाहिरातींवर जगवणं अवघड आहे आणि तो जगलाच पाहिजे.

माझा प्रश्न स्पर्धेचा आहे. सन २००० मध्ये सरकारनेच ती सुरू केली होती. वर्तमानपत्रं काढणाऱ्या एसपीएचला टीव्हीचा परवाना मिळाला, टीव्ही वाहिन्या चालवणाऱ्या मीडियाकॉर्पला वर्तमानपत्राचा. मीडियाकॉर्पचा ‘टुडे’ फुकट वाटला जाऊ लागला, समोरून एसपीएचने ‘स्ट्रीट्स’ आणला. वाचकांची चंगळ झाली, कंपन्यांचा मात्र तोटा. २००४ मध्ये दोघांनी तह केला: ‘स्ट्रीट्स’ ‘टुडे’त विलीन झाला आणि ‘टुडे’ काढणाऱ्या कंपनीत एसपीएचला ४० टक्के हिस्सा मिळाला. प्रतिस्पर्धीच भागीदार झाला! पुढे २०१७ मध्ये ‘टुडे’ छापणं थांबलं आणि २०२४ मध्ये तो सीएनए या वृत्तवाहिनीत मिसळून गेला. सीएनए मीडियाकॉर्पचं, आणि मीडियाकॉर्प टेमासेक या सरकारी मालकीच्या गुंतवणूक कंपनीचं.

बाजारपेठ लहान, दोन कंपन्या तगणार नाहीत, असं तेव्हा सांगितलं गेलं. पण आज तर एकही कंपनी बाजारावर तगलेली नाही. ती सरकारी तिजोरीवर उभी आहे. मग बाजाराच्या आकाराचं कारण उरतंच कुठे? पैसा जनतेचा असेल, तर त्यातला काही भाग स्वतंत्र मालकीच्या दुसऱ्या न्यूजरूमला का मिळू नये?

स्पर्धा नसली की काय होतं, ते २०२३ च्या जानेवारीत दिसलं. सप्टेंबर २०२० ते मार्च २०२२ या काळात एसपीएचच्या पेपरांचा रोजचा खप सरासरी ८५ ते ९५ हजारांनी फुगवून दाखवला गेला होता. काही प्रती छापून, मोजून, नष्ट केल्या गेल्या. त्यानंतरही निधी चालूच राहिला. पत्रकारांचे पगार थांबू नयेत हे मला पटतं, पण खपाचे आकडे दरवर्षी बाहेरच्या लेखापरीक्षकाकडून तपासून जाहीर करण्याची अट तरी हवी होती.

आणि १९७४ चा वर्तमानपत्र आणि छापखाना कायदा. त्यानुसार वर्तमानपत्र कंपनीचे ‘व्यवस्थापन भाग’ (जादा मताधिकार असलेले खास शेअर) सरकारच्या मंजुरीशिवाय कुणाला मिळत नाहीत, आणि संचालक किंवा कर्मचारी नेमण्या-काढण्याच्या ठरावात अशा एका भागाला साध्या भागाच्या २०० पट मतं असतात. बाहेरच्या शक्तींनी पेपर विकत घेऊ नयेत हा त्यामागचा हेतू मी समजू शकतो. पण परकीय मालकी रोखायला भागधारणेची मर्यादा पुरेशी आहे. संपादक कोण असावा, हे ठरवणाऱ्या मतांची किल्ली मंत्रालयाकडे कशाला?

पाच वर्षांची मुदत संपल्यावर निधी पुढे चालू ठेवायचा झाला, तर त्याआधी त्यातला ठरावीक वाटा एसपीएच आणि मीडियाकॉर्पबाहेरच्या पत्रकारितेसाठी राखून ठेवावा, तो वाटणारी समिती मंत्रालयापासून स्वतंत्र असावी आणि २०० मतांच्या तरतुदीवर संसदेत खुली चर्चा घ्यावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आपला नम्र,
सिंगापूरमधील एक मराठी वाचक