आप्पांची पट्टी

विश्रामबाग, सांगली
रविवार, रात्री

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

आप्पांचा जुना प्रोग्राम नव्या मशीनवर बिल्ड होत नाही म्हटल्यावर परवा फोनवर तू म्हणालास, "एरर येतायत ना, मग परमिसिव्ह फ्लॅग लाव आणि मोकळा हो." गड्या, कंपायलरला एररची नुसती वॉर्निंग करायला लावणारा तो फ्लॅग मी लावला नाही. का, ते नीट सांगायचं होतं.

२००६ साली आपण दोघांनी आप्पांच्या हळदीच्या अडतीसाठी सी-मध्ये लिहिलेला प्रोग्राम. पोती, वजन, हमाली, तोलाई, अडत वजा होऊन शेतकऱ्याच्या हातात पट्टी. तो ३२-बिट कॉम्प्युटर दिवाळीत बंद पडला, हार्ड डिस्क तेवढी वाचली. नव्या मशीनवर डेबियन १३ हे लिनक्स टाकलं आणि सोर्समधून, म्हणजे आपल्या मूळ कोडापासून, प्रोग्राम पुन्हा बिल्ड करायला बसलो.

बिल्डसाठी 'मेक -जे४', म्हणजे चार कामं एकदम, असं दिल्यामुळे चार फाइलींचं आउटपुट एकमेकांत मिसळलं होतं. तळाशी नुसतं 'एरर १', त्यावरून काहीच कळेना. मग -जे काढला आणि वरून पहिली एरर वाचली: एनकर्सेसचं, म्हणजे पडद्यावर मजकूर मांडणाऱ्या लायब्ररीचं, हेडर नाही. हेडर म्हणजे आतल्या फंक्शनांची कंपायलरला ओळख करून देणारी फाइल. लायब्ररी होती, पण हेडर वेगळ्या पॅकेजात असतं. लिबएनकर्सेस-डेव्ह टाकलं, ते मिटलं.

पुढची एरर मात्र आपल्या कोडातली निघाली. नोंद शोधणारं फंक्शन आपण बोलावतो, पण त्याचं डिक्लेरेशन, म्हणजे ते काय परत देतं हे सांगणारी ओळ, कुठंच नाही. अशा वेळी सी-च्या जुन्या रिवाजाप्रमाणे कंपायलर धरून चालतो की ते इंट, म्हणजे साधा पूर्णांक, परत देतं. आपलं तर पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता, देतं! ३२-बिटवर दोन्ही ४ बाइटचे, म्हणून इतकी वर्षं खपून गेलं. ६४-बिटवर पॉइंटर ८ बाइटचा. त्यातले ४ कापले गेले की उरलेला पत्ता भलतीकडेच नेतो. १९९९ च्या मानकानं ही सवलत काढली होती, तरी आपला कंपायलर जीसीसी वॉर्निंगवर भागवत राहिला. २०२४ च्या जीसीसी १४ पासून तिची एरर झाली. २००६ मध्येही वॉर्निंग आली होती, आठवतं? "चालतंय की" म्हणून आपण सोडून दिली. तुझ्या फ्लॅगनं ती पुन्हा वॉर्निंगच झाली असती, बिल्डही झालं असतं, आणि ऐन सौद्यांच्या गर्दीत, शेतकरी समोर उभा असताना प्रोग्राम कोसळला असता. मी हेडरमध्ये एक ओळ लिहिली. तेवढंच लागत होतं.

शेवटी लिंकर, म्हणजे तयार फाइली एकत्र जोडणारा, अडला: 'मल्टिपल डेफिनिशन', एकाच नावाच्या अनेक व्याख्या. एकूण पोत्यांचा व्हेरिएबल हेडरमध्येच मांडलेला आणि ते हेडर तीन फाइलींत. जीसीसी १० पासून हे चालत नाही. तिथं एक्स्टर्न, म्हणजे 'व्याख्या दुसरीकडे आहे' असं सांगणारा शब्द, लावला, खरी व्याख्या एकाच फाइलीत ठेवली.

काल आप्पांनी जुन्या वीस पट्ट्या काढून एकेक ताडून पाहिली. एकोणीस जुळल्या, एकीत पैशाचा फरक. जुनं मशीन दशांशाचा हिशेब मधल्या टप्प्यात ८० बिटांत करायचं, नवं ६४ बिटांत करतं. मला कारण तेच वाटतं. रक्कम डबलमध्ये, म्हणजे दशांश संख्येत, ठेवायलाच नको होती, पूर्णांक पैशांत हवी. ते फंक्शन तुझ्या हातचं आहे, मी त्याला हात लावलेला नाही. पुढच्या रविवारी साताऱ्याहून सकाळच्या गाडीनं ये. आई जेवायला थांब म्हणतेय.

तुझाच,
मित्र