श्रावणाबद्दल विचारलंत, त्या समुपदेशक ताईंना

ताई,

तुमचं नाव इथे लिहीत नाही, ते तुम्हाला चालणार नाही. पण आभार चारचौघांतच मानायचे आहेत, कारण निफाड-दिंडोरीकडच्या कितीतरी घरांना तुमचे ते दोन प्रश्न कामी येतील.

माझा धाकटा भाऊ द्राक्षबागायतदार. घाबरतो म्हणून पितो, असं आमच्याकडे सगळे धरून चालले होते. घाबरायला कारणंही होती: अवकाळी, द्राक्षांवरचा डाउनी रोग, सोसायटीचं कर्ज, व्यापाऱ्याकडे अडकलेले पैसे. फोन वाजला तरी दचकायचा. नाशिकला तुमच्याकडे आणलं, तोवर भेटेल त्याने कर्जाचा आकडा विचारला होता. तुम्ही विचारलंत, "भीती किती वाजता वाटते?" तो म्हणाला, पहाटे चार-पाचला, दोन घोट पोटात गेले की थांबते. "मग बँकेची नोटीस काय रोज पहाटे येते?" यावर तो चक्क हसला.

दुसरा प्रश्न श्रावणाचा. आमच्याकडे गटारीला वाट्टेल तेवढी आणि दुसऱ्या दिवसापासून कडकडीत बंद, याचं केवढं कौतुक! महिनाभर सोडतो म्हणजे व्यसनी नाहीच, ही पावती घरोघरी मिळते. तुम्ही मात्र त्याला एकेका वर्षाचा श्रावण आठवायला लावलात. सुरुवातीला फक्त झोप उडायची. पुढे हात कापायला लागले, घाम फुटायला लागला. गेल्या वर्षी बंद केल्याच्या दुसऱ्याच दिवशी फिट आली. कुणी उन्हाचा त्रास म्हणालं, कुणी भगताचं नाव काढलं. रोज पिणाऱ्याने दारू पुन्हा पुन्हा झटक्यात तोडली की पुढच्या वेळचा त्रास वाढू शकतो, हे त्या दिवशी प्रथम ऐकलं.

मेंदूचं तुम्ही त्याच्याच भाषेत सांगितलंत. दारू मेंदूतल्या शांत करणाऱ्या गाबा या रसायनाचा जोर वाढवते आणि चेतवणाऱ्या ग्लुटामेटचा दाबते. रोजच असं झालं की मेंदू उलटी तजवीज करतो: गाबाला दाद देईनासा होतो आणि ग्लुटामेटची बाजू वाढवून ठेवतो. भरलेली ट्रॉली चढावर ओढताना अ‍ॅक्सिलरेटर दाबलेलाच असतो. तेवढ्यात हुक निसटला तर ट्रॅक्टर कसा उधळेल? तशी ती पहाट. रात्रीची दारू उतरते, चेतवणी तशीच राहते. छाती धडधडते आणि मन कारण शोधायला निघतं. कर्ज उशाशीच असतं.

नंतर मी स्वतः वाचत गेले. मेंदूतला धोक्याची वर्दी देणारा अमिग्डला हा भाग आणि त्याच्या शेजारचे भाग बराच काळच्या दारूने बदलतात. तिथे सीआरएफ नावाचं ताणाचं रसायन वाढतं, भीती निवळवणारं न्यूरोपेप्टाइड वाय कमी पडतं. कपाळामागच्या भागाचा या सगळ्यावरचा लगामही सैल होतो. जॉर्ज कूब या अमेरिकी संशोधकाने यावर खूप लिहिलंय: पुढे पुढे माणूस मजेसाठी पीत नाही, ही घालमेल थांबावी म्हणून पितो, आणि तीच दारू उद्याची घालमेल तयार करते. यातलं बरंच उंदरांवरच्या प्रयोगांतून कळलंय. सीआरएफ अडवणारी औषधं प्राण्यांत चालली, पण माणसांवरच्या चाचण्यांत दारूची ओढ काही कमी झाली नाही. म्हणजे गोळी दिली आणि सुटली, असलं काही नाही. भावाला हे सांगितलं तर म्हणाला, "उंदरांना सोसायटीचं कर्ज नसतं."

आईला त्र्यंबकला निवृत्तिनाथांच्या समाधीपुढे त्याच्या गळ्यात माळ घालायची होती. तुम्ही नाक मुरडलं नाहीत. "माळ जरूर घाला, पण आधी डॉक्टरांच्या देखरेखीखाली दारू सुटू द्या," म्हणालात. दारू बंद केल्यावर फिटचे झटके बहुतेक पहिल्या ४८ तासांत येतात, भ्रम साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात होतो, आणि तो जिवावर बेतू शकतो, हे आईला समजेपर्यंत समजावलंत. ज्याला फिट येऊन गेलीय त्याला घरी ठेवायचं नाही, भरतीच करायचं, हेही ठणकावलंत. तिथे दारू सुटतानाचा त्रास आवरणारी लिब्रियम ही गोळी सुरू करून हळूहळू कमी केली. काका 'सलाईन लावा, सलाईन लावा' करत होते; डॉक्टरांनी आधी बी-१ जीवनसत्त्वाचं, म्हणजे थायामिनचं, इंजेक्शन दिलं, ग्लुकोज नंतर. दारूने थायामिन संपलेल्या माणसाला नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते, हे काकांना तुम्हीच जिन्यात उभ्या राहून सांगितलंत. काकांना गप्प करणं सोपं नाही.

भीतीच्या गोळ्यांची घाई झाली नाही, याचे आभार वेगळे. चार आठवडे दारूशिवाय जाऊ देत, मग उरेल ती भीती त्याची स्वतःची, असं ठरलं. बरीचशी ओसरली. थोडी उरली, तिच्यावर आता उपचार चालू आहेत. झोप अजून धड लागत नाही. तिला महिने लागतात, हे आधीच सांगितलं होतंत, म्हणून कुणी धीर सोडला नाही.

सोमवारी आमच्या सिडकोतल्या एक बाई नवऱ्याला घेऊन तुमच्याकडे येतील. तो उद्यापासूनच बंद करणार होता. मी म्हटलं, आधी ताईंना भेटा, मग बंद करा.

तुमची,
द्राक्षवाल्याची थोरली बहीण