चावी माझ्याकडे आहे

ती. आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, देवघराजवळच्या खुंटीवर गाडीची चावी शोधत असाल तर शोधू नका. इग्निशनची चावी माझ्याकडे आहे. रविवारी निघताना तुम्ही ऑटोवाल्याशी पैशांवरून बोलत होतात, तेव्हा मी ती पर्समध्ये टाकली. स्टेशनवर तुमच्या पाया पडताना सांगायचं होतं, पण शब्द फुटला नाही. बडनेरा गेलं तरी हात पर्सवरच होता. चोरी केल्यासारखं वाटत होतं, अजून वाटतंय.

रागवा, पण आधी सगळं वाचा.

गाडी विकायची नाही. कुणाला देऊनही टाकायची नाही. ‘भंगार’ हा शब्द मी काढलेला नाही आणि कुणाला काढू देणार नाही. दाराची चावी खुंटीवरच आहे. ९८ साली गाडीच्या दाराच्या कुलपाचं सिलिंडर बदललं तेव्हापासून आपल्याकडे दोन चाव्या झाल्या, त्याचं बरं वाटावं असा दिवस येईल असं वाटलं नव्हतं.

मला नऊ दिवसांनी कळलं, बाबा. तेही आईच्या तोंडून फोनवर निसटलं म्हणून. मे महिन्याची दुपार, बाहेर चव्वेचाळीस, आणि तुम्ही बंद गाडीत. डावीकडे तुळशीची भिंत, ड्रायव्हरकडचं दार अडकलेलं, काचेचं हॅन्डल नुसतं फिरतंय, आणि ऑपरेशन झालेला गुडघा घेऊन सीटवरून मागच्या दाराकडे जाता येत नाही. हॉर्न दाबला तर बॅटरी उतरलेली. आत कूलर सुरू, आईला काय ऐकू येणार? समोरच्या काकांनी पाहिलं म्हणून. उन्हातल्या बंद गाडीत पहिल्या दहा मिनिटांतच हवा बाहेरच्यापेक्षा दहाएक अंशांनी तापते. तुम्ही वीस मिनिटं होतात. हा आकडा मी रात्री झोपताना मोजते.

म्हणून तर रजा टाकून आले. तुम्हाला वाटलं, आंब्यांसाठी.

आई, शनिवारी सकाळी तू दार बाहेरून आत दाबून धरलं होतंस ना, तेव्हाच ते सुटलं. मेकॅनिक आला असता तर त्यानं ओढाओढ केली असती. ओढलं की खटक्यावर आणखी ताण येतो आणि तो जास्तच आवळतो. आत दाबलं की तो सैल पडतो. हे मला बाबांनीच शिकवलं होतं, वर्ध्याच्या रस्त्यावर, त्या रात्री. मागच्या दारातून पुढे सरकून मी आधी काचेच्या हॅन्डलची पिन काढली, मग हात टेकवायच्या दांडीचे दोन स्क्रू. दाराचा पॅड मात्र क्लिपांनी बसलेला. पेचकस घातला असता तर पुठ्ठा फाटला असता, म्हणून फडकं गुंडाळून तुझं उलथणं घातलं आणि एकेक क्लिप सोडवली. आत हात घातला तर आतल्या हॅन्डलपासून कुलपापर्यंत जाणारा रॉड लोंबत होता. त्याची क्लिप तुटलेली. बाबा, म्हणून तुम्ही हॅन्डल कितीही ओढलंत तरी काही होणार नव्हतं. तुमच्या हातात जोर नव्हता असं नाही. हे तुम्ही मनातून काढून टाका.

बाहेरचं बटण दाबूनही उघडत नव्हतं, त्याचं कारण वेगळं. कुलपातलं ग्रीस वाळून लाखेसारखं झालं होतं. पकडीनं रॉड ओढला, तू दाबलंस, आणि ‘ठक’ झालं. मग कुलूप काढलं, वाटीत डिझेल घेऊन जुन्या टूथब्रशनं घासलं. चौथ्या वाटीनंतर लोखंडाचा रंग दिसला. आता पांढरं लिथियम ग्रीस लावलंय. रॉडला सध्या पितळी तारेचा वेढा दिलाय, तो महिना-दोन महिने टिकेल. क्लिप शोधतेय. २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली, ते कात्रण तुम्ही डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवलंय. तेव्हापासून आपल्या पद्मिनीचं सामान हुडकावंच लागतं, पण मिळेल.

आणि बाबा, एक सांगू? चावीच्या भोकात खोबरेल घालणं आता बंद. मला माहीत आहे, आजोबा तसंच करायचे. पण खोबरेल पंचविसाच्या खाली थिजतं, आणि आपल्याकडे डिसेंबरच्या रात्री दहा-बारा अंशांवर जातात. तेल थिजतं, त्यावर धूळ बसते, उन्हाळ्यात त्याचा चिखल होतो. सिलिंडरला तेल नकोच. शिसपेन्सिल चावीवर घासायची आणि चावी दोन-चारदा आतबाहेर करायची, बस. पेन्सिल खुंटीखालच्या डब्यात ठेवलीय.

आता माझी चूक. दाराच्या तळाशी दोन भोकं असतात. काचेच्या फटीतून आत गेलेलं पाणी त्यातून बाहेर पडतं. आपली दोन्ही बुजलेली होती. कडुनिंबाचा पाला होता, आणि त्याच्याखाली लिमलेटच्या गोळ्यांचे कागद. सतरा मोजले, बाकीचे लगदा झाले होते. मीच टाकायचे, काचेच्या फटीतून. गाडीत कचरा केला की तुम्ही बोलायचात, म्हणून. रामटेकला जाताना तुमच्या मांडीवर बसून स्टेअरिंग धरायचे, तुम्ही गिअर टाकायचात, आणि मी हळूच एक कागद सोडायचे. एवढ्या वर्षांचं पाणी तिथं साचत राहिलं, खालचा पत्रा गंजला, ओल वर कुलपापर्यंत गेली. तुम्ही त्या दारात अडकलात त्यात माझाही हात आहे. तळ खरवडून रेड ऑक्साइड मारलंय. त्यातला एक कागद अजून नारंगी दिसतो, तो डॅशबोर्डच्या कप्प्यात कात्रणाजवळ ठेवलाय.

मग दार दुरुस्त झालं तर चावी का नेली, असं विचाराल. दार निमित्त झालं, बाबा. फेब्रुवारीत शंकरनगर चौकात झालं त्याबद्दल मी काही म्हणत नाही, तुम्हीही म्हटलं नाही. पण डॉक्टरांनी साखर अचानक उतरते असं सांगितलंय, आणि उजव्या डोळ्याचं ऑपरेशन तुम्ही दोनदा पुढे ढकललंत. तुमच्या हातावर माझा विश्वास आहे, समोरून राँग साइडनं येणाऱ्या पोरांवर नाही. समोर बसून हे बोलले असते तर तुम्ही मान हलवून ‘बरं’ म्हटलं असतं, आणि ते मला बघवलं नसतं.

तुमची संध्याकाळची बैठक मोडायची नाही. पेपर आणि सेलवरचा रेडिओ घेऊन गाडीत बसा. पण उजवीकडची दोन्ही दारं उघडी ठेवूनच, आणि अकरा ते पाच अजिबात नाही. मोबाइल खिशात हवा. बॅटरीची निगेटिव्ह केबल काढून ठेवलीय, जोडू नका. मृग तोंडावर आलाय, भोकांत आठवड्यातून एकदा उदबत्तीची काडी फिरवा.

बाहेर जायला चौकातल्या ऑटोवाल्या भाऊंशी महिन्याचं बोलून ठेवलंय, पैसे मी पाठवते. आई, तुला टेकडीच्या गणपतीला जायचं तर सुभाषनगरहून मेट्रोत बसा, सीताबर्डीला उतरा, लिफ्ट आहे. तिथून पुढे ऑटो करायचा, पायी नाही. कूलरच्या ताट्या बदलल्यात, पंपही नवा आहे. पाणी भरताना कूलर बंद करून प्लग काढायचा, आई. नुसतं बटण बंद केलं म्हणजे झालं असं नाही. आणि बाबांचा नाश्ता सकाळी साडेआठच्या पुढे जाऊ देऊ नकोस, साखरेच्या गोळीनंतर उपाशी राहायचं नाही. डोळ्याची तारीख मी घेतलीय, एकोणीस तारीख, मी स्वतः येतेय. या वेळी पुढे ढकलायची नाही.

तान्ह्या पोळ्याला येईन तेव्हा चावी घेऊन येते. सकाळी लवकर निघू, ऊन चढायच्या आत रामटेक. गाडी मी चालवीन, तुम्ही शेजारी बसा. मी गिअर चुकीचा टाकला तर मागच्यासारखं माझ्या हातावर हात ठेवा. आई मागे, पाटवडीचा डबा मांडीवर घेऊन.

बाबा, दार एकदा लावून बघा. पूर्वी दोनदा आपटावं लागायचं, आता बोटानं ढकललं तरी लागतं. कसं लागतं ते रात्री फोनवर सांगा. आणि चावीबद्दल काय बोलायचं असेल तेही तुम्हीच बोला, आईच्या हाती निरोप पाठवू नका.

आई, उलथणं तीनदा घासलं, तरी ग्रीसचा वास राहिलाय. भाजीत घालू नकोस, नवं पाठवतेय.

तुमची
छोटी