काका, त्या गोठलेल्या सकाळींसाठी मनापासून आभार

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

समोर बसून आभार मानायला गेले तर ‘त्यात काय एवढं’ म्हणत तुम्ही विषय बदलाल. म्हणून हे सगळ्यांदेखत लिहितेय.

यंदा ऐन काढणीत पारा शून्याखाली उतरला आणि तिथेच ठाण मांडून बसला. नेमके तेव्हाच आमचे हे तापाने आडवे झाले. पालक, केल (कोबीच्या कुळातली पालेभाजी), लीक (कांद्याच्या कुळातली जाड दांड्याची भाजी), कोबी, गाजर सगळं काढायला आलेलं, भाजी पोचवण्याचा शब्द दिलेला, आणि शेतावर मी एकटी. कुणी बोलावलं नसताना तुम्ही स्वतःचा विळा घेऊन फटफटायच्या आत बांधावर हजर झालात.

आल्या आल्या तुम्ही पालकाला हातच लावू दिला नाहीत. क्रॉप कव्हरची, म्हणजे थंडीपासून जपायला पिकावर घातलेल्या कापडाची, कड उचलून एक पान दाखवलंत. काळपट हिरवं, काचेसारखं कडक, मातीला चिकटून पडलेलं. गोठताना बर्फ आधी पेशींच्या मधल्या जागेत धरतो आणि पेशींतलं पाणी बाहेर ओढलं जातं. हळूहळू वितळू दिलं तर ते पुन्हा आत जातं, पण तशा अवस्थेत पान दाबलं की पेशी फुटतात आणि बोटांचे ठसे काळे पडतात, हे तुम्ही तिथेच उकिडवे बसून समजावलंत. ऊन वर आलं आणि तीच पानं उठून ताठ झाली. त्या वाफ्यातला पाला आपण त्यानंतर कापला, एकही पान वाया गेलं नाही. या दिवसांत ते फार मोलाचं. उजेड दिवसाला 10 तासांच्या खाली गेला की वाढ जवळपास थांबते, मग कापलेल्या जागी नवीन पान लवकर येत नाही. जे उभं आहे तेवढ्यावरच हिवाळा काढायचा असतो.

वितळण्याची वाट बघतानाचा वेळही तुम्ही रिकामा जाऊ दिला नाहीत. गाजरांवर आधीच पेंढ्याचा जाड थर असल्याने खालची माती मऊ होती, ती तेवढ्यात निघाली. लीक मात्र उघड्या जमिनीत, वरचा थर दगड झालेला. ओढली असती तर मधेच तुटली असती. तुम्ही प्रत्येक रोपाच्या बाजूने पहार घालून कवच फोडत गेलात. ते काम बघणाऱ्याला किरकोळ वाटेल; करणाऱ्याच्या खांद्यांना विचारावं. कोबीचं काय करायचं ते मला ठाऊक होतं, वरची गोठलेली पानं काढून टाकली की आतला गड्डा शाबूत.

आणि माझे हात! रबरी हातमोज्यांच्या आत लोकरीचे मोजे घालायला लावलेत, जवळ कोमट पाण्याची बादली ठेवलीत आणि बोटं बधिर झाली की काम थांबवायचंच, असा दमच भरलात. बधिर हाताला विळा लागला तरी कळत नाही. काढलेली भाजी उघड्या क्रेटमध्ये वाऱ्यावर राहिली तर पुन्हा गोठते, म्हणून क्रेटवर गोणपाट टाकायची आठवणही तुम्हीच दर वेळी केलीत.

भाजी पोचल्यावर सगळे एकच विचारत होते, गाजर आणि केल इतकी गोड कशी? थंडी पडली की ही झाडं साठवलेल्या पिष्टाची साखर करतात, त्याने रस लवकर गोठत नाही, हे सांगताना मला दर वेळी तुमचं नाव घ्यावंसं वाटलं. ती गोडी थंडीची खरी, पण ती लोकांच्या ताटापर्यंत धडधाकट पोचली ती तुमच्यामुळे.

यांचा ताप उतरलाय, आता ते कव्हर घालायला-काढायला येतात. सकाळी कव्हर जमिनीला गोठून चिकटलेलं असलं तर ओढू नका, फाटेल, असं मी त्यांना अगदी तुमच्या आवाजात सांगते.

पेंढ्याखाली गाजरांचा शेवटचा वाफा शिल्लक आहे. त्यातला एक क्रेट तुमच्या घरी येतोय. कृपा करून परत पाठवू नका. पुढच्या हिवाळ्याची लागवड उन्हाळ्याच्या अखेरीस करायची आहे. कोणतं पीक कव्हरखाली घ्यायचं आणि कोणतं उघड्यावर, ते ठरवायला मी वही घेऊन तुमच्याकडे येईन.

तुमची ऋणी,
बांधापलीकडची शेजारीण