जाळी छत धरत नाही, बोल्ट धरतो

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

कालच्या अंकातला खाणीतल्या पोलादी जाळ्यांवरचा लेख वाचला आणि हातातला चहा गार झाला. ‘जाळी लावली की छत कोसळायची भीतीच नाही’ असं बिनधास्त छापलंय तुम्ही. आणि सोबतचा फोटो तर कुठल्यातरी प्लॉटच्या कुंपणाचा, मागे चक्क कडुलिंब दिसतोय. २६ वर्षं मी विदर्भात कोळशाच्या भूमिगत खाणीत काढली, शेवटची ११ ओव्हरमन म्हणून, म्हणजे पाळीत खालच्या कामावर आणि माणसांवर देखरेख ठेवणारा, पण खाली कडुलिंब काही मला भेटला नाही. असो, फोटो घाईत लागतात, समजू शकतो.

पण छत जाळी धरत नाही हो, बोल्ट धरतो. छताला भोक पाडायचं, त्यात भिजवलेली सिमेंटची कॅप्सूल घालायची, वर दीड मीटरचा बोल्ट, मग प्लेट आणि नट आवळायचा, म्हणजे वरचे थर एकमेकांना शिवले जातात. जाळीचं काम काय, तर दोन बोल्टच्या मधनं जे ढिलं सुटतं ते माणसाच्या डोक्यावर येऊ द्यायचं नाही, बस. मीटरभर लांब, मीटरभर रुंद आणि फूटभर जाड वाळूचा खडक घ्या, सातशे किलोच्या आसपास भरतो, म्हणजे साडेतीन बुलेट गाड्या झाल्या. आता त्या बोटाहून बारीक तारेवर टांगून बघा. जाळीला पोट सुटलेलं दिसलं की समजायचं वर दगड साचलाय. मग सुरक्षित बाजूला उभं राहून ती कापून रिकामी करायची आणि नवी लावायची. आणि मुळात ही जाळी लावायला जो माणूस पुढे जातो त्याच्या डोक्यावर तेव्हा काय असतं? काही नसतं, नाहीतर तात्पुरता टेकू. हे लेखात कुठंय?

शेजारचा पोरगा लेख वाचून म्हणाला, काका म्हणजे सप्तशृंगी गडावर डोंगराला लावल्यात तशाच ना. अरे बाबा नाही. डोंगरउतारावर बऱ्याच ठिकाणी जाळी सैल सोडतात, दगड आतल्या आत घरंगळत पायथ्याशी उतरला पाहिजे म्हणून. खाणीत ती छताला चिकटून घट्ट बसली पाहिजे, सैल राहिली तर दगडाला झोपाळा मिळतो. कोलारसारख्या तीन किलोमीटर खोल सोन्याच्या खाणीत तर दाबाने दगड फुटून उडायचा, तसल्या जागी ताण खाऊन लांबणारी जाळी लागते, कडक वेल्डमेश, म्हणजे तारा वेल्डिंगने जोडलेली जाळी, सांध्यातनं तुटते. एवढं सगळं तुमच्या लेखात मावलं नसतं हे मान्य, पण ‘भीतीच नाही’ लिहायला जागा बरी सापडली.

मला राग का आला ते सांगतो. आमच्याकडे जाळी आली आणि पहिलं काय बंद झालं तर छत ठोकून बघणं. आधी शिफ्ट सुरू झाली की सब्बल घेऊन छत ठोकायचो, एका हाताची बोटं छताला लावून दुसऱ्या हाताने बाजूला ठोकायचं, टण्ण वाजलं तर ठीक, डब्ब वाजलं किंवा बोटांना थरथर लागली की तिथनं सगळे मागे. जाळीतनं पण ठोकता येतं, चार इंचाच्या चौकोनातनं सब्बल आरामात जाते, पण वर जाळी दिसली की सगळ्यांना वाटतं झालं आता.

२००७ च्या पावसाळ्यात, रात्रपाळीला, एका जंक्शनवर स्टोअरमधनं शीट कमी आल्या म्हणून कुणीतरी दोन जाळ्या एकमेकींवर न चढवता नुसत्या कडेला कड लावून बसवल्या होत्या. मधे वीतभर फट. मी डायरीत लिहिलं, दोनदा लिहिलं. तिसऱ्या रात्री त्याच फटीतनं पाट्याएवढा दगड आला, हेल्मेटच्या कडेला लागून डाव्या खांद्यावर. गळपट्टीचं हाड गेलं. हेल्मेट नसतं तर हे पत्र लिहायला मी नसतो. चौकशी झाली आणि कागदावर आलं काय, तर ‘ओव्हरमनने पुरेशी दक्षता घेतली नाही’. हात झोळीत असताना नोटीस हातात. डायरीची ती दोन पानं कुणी मागितली नाहीत, मी दाखवायला गेलो तर म्हणे आता फाइल वर गेलीय. अजूनही पाडव्याला गुढी उभारायला मुलाला हाक मारावी लागते, डावा हात खांद्याच्या वर जात नाही. आणि इथे तुम्ही छापताय की भीतीच नाही!

२०२३ च्या नोव्हेंबरात उत्तराखंडात सिलक्याराच्या बोगद्यात ४१ जण १७ दिवस अडकले तेव्हा तुमचे पहिले पान रोज त्यांचंच, आमच्या कॉलनीत पण प्रत्येक जण बोगदा एक्सपर्ट झालेला. माणसं बाहेर आली, हार घालून झाले, विषय संपला. आता समृद्धीच्या इगतपुरीच्या बोगद्यातनं ८० च्या स्पीडने जाताना वर कुणी बघत असेल असं वाटत नाही, बघायची गरजही पडू नये, पण ते छत सांभाळायला कुणीतरी आधी त्याच्याखाली उभं राहिलं होतं एवढं तरी छापा कधीतरी.

जाता जाता एक. मागच्या वर्षी पाथर्डी फाट्याच्या सिग्नलबद्दल पत्र पाठवलं होतं, त्याचं तुम्ही चार ओळींत भरीत केलंत आणि नेमकं सिग्नल बंद असल्याचं वाक्यच उडवलं, त्यामुळे वाचणाऱ्याला वाटलं मी सिग्नलचं कौतुक करतोय. ऑफिसला फोन केला तर म्हणे ईमेल करा, ईमेलला उत्तर नाही. हे पत्र कापायचं असेल तर कडुलिंब कापा, पण दोन जाळ्यांच्या मधल्या फटीचं राहू द्या.

आपला,
एक निवृत्त ओव्हरमन,
पाथर्डी फाटा, नाशिक